भिंतीवरचे बटण आणि रिसिव्हरचे घड्याळ

रेडिओच्या लहरी पकडणारा ट्यूनर, आवाजाला बळ देणारा अॅम्प्लिफायर आणि टीव्ही, सीडी, मोबाइल यांपैकी कशाचा आवाज स्पीकरकडे सोडायचा हे ठरवणारा स्विच, असे तिन्ही एकाच पेटीत बसवले की जे उपकरण तयार होते त्याला बाजारात रिसिव्हर म्हणतात. तो घेताना ग्राहक वॅट किती, स्पीकर किती, वॉरंटी किती वर्षांची हे बारकाईने विचारतो. परंतु पेटी घरी आली, तारा जोडल्या आणि आवाज आला की चौकशी तिथेच थांबते, आणि आतले घड्याळ, टायमर, रात्रीचा आवाज, आपोआप बंद होण्याची मुदत या गोष्टी कारखान्याने ठेवल्या तशाच वर्षानुवर्षे राहतात. ठाण्याच्या नौपाड्यात जुन्या तीन-चार मजली इमारती आहेत, त्यांच्या शेजारी पुनर्विकासातले मनोरे उभे राहिले आहेत, आणि एका घरात आजीपासून नातवापर्यंत तीन पिढ्या नांदत असलेले संसार अजून पुष्कळ आहेत. अशा वस्तीत ही उपेक्षा अधिक जाणवते, कारण तिथे घरातला आवाज क्वचितच एका माणसाचा असतो. कोणी, काय, केव्हा आणि किती मोठ्याने ऐकायचे हा प्रश्न या घरांना नवा नाही. त्याचे उत्तर पूर्वी बऱ्याच अंशी आकाशवाणी देत असे. आता ते रिसिव्हरच्या सेटिंगमध्ये घरानेच द्यावे लागते, आणि ही जबाबदारी घराने अजून पुरती ओळखलेली नाही.

मुंबईचे नभोवाणी केंद्र इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीने २३ जुलै १९२७ रोजी सुरू केले, आणि पुढे ऑल इंडिया रेडिओच्या काळात त्याच केंद्राने मुंबई-ठाण्याच्या मराठी घरांचा दिवस आखून दिला. सकाळच्या भक्तिगीतांवर चूल किंवा स्टोव्ह पेटे, सातच्या सुमाराच्या प्रादेशिक बातम्यांवर शाळेची आणि लोकलची गडबड मोजली जाई, दुपारचे ‘वनिता मंडळ’ गृहिणींचे असे, ‘कामगार सभा’ आपल्या ठरल्या वेळी येई आणि रात्रीच्या ‘आपली आवड’ला दिवस मिटत असे. पुणे केंद्राने १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, ‘गीतरामायण’ सुरू केले, तेव्हा ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे दर आठवड्याचे नवे गीत ऐकण्यासाठी लोक कामे उरकून रेडिओपाशी बसत, आणि छप्पन्न गीतांचा हा क्रम वर्षभर चालला. ज्या घरी रेडिओ नसे ते शेजारच्या दारात उभे राहत. चाळीच्या गॅलरीत एकाचा संच दहा घरांना पुरे. ऐकण्याची वेळ केंद्राने ठरवलेली असल्यामुळे त्याबद्दल घरात भांडण्याचे कारणही उरत नसे, आणि सगळी वस्ती एकच गोष्ट एकाच वेळी ऐकत असल्यामुळे शेजाऱ्याचा आवाज उपद्रव वाटत नसे.

या व्यवस्थेत हुकमतही होती, हे नाकारून चालणार नाही. १९५२ ते १९६२ या काळात माहिती व नभोवाणी खाते सांभाळणारे बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे शास्त्रीय संगीताचे कट्टर पुरस्कर्ते होते. शनिवारी रात्रीचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम त्यांच्याच काळात सुरू झाला आणि त्याच काळात आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली, तेव्हा श्रोत्यांनी सुई शॉर्टवेव्हकडे वळवून रेडिओ सिलोनवरच्या अमीन सयानींच्या ‘बिनाका गीतमाला’साठी बुधवारची संध्याकाळ राखून ठेवली. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली ती या ओढीला उत्तर म्हणून. श्रोत्याच्या हाती त्या काळात एवढाच अधिकार होता: सुई फिरवायची किंवा बटण बंद करायचे. कॅसेट, मग सीडी आणि आता इंटरनेटवरचे संगीत आल्यावर हा अधिकार अमर्याद झाला. मात्र तो एकट्याच्या हाती आला, आणि एकत्र राहणाऱ्या माणसांच्या वेळा जुळवून देणारे कोणी उरले नाही. रिसिव्हरमधला टायमर हे काम काही प्रमाणात करू शकतो. त्याचे महत्त्व इथे आहे.

टायमर दोन स्वभावांचे असतात. एक झोपेचा, ज्याला स्लीप टायमर म्हणतात: रिमोटवरचे बटण दर दाबाला तीस, साठ, नव्वद, एकशेवीस अशी मिनिटे दाखवते, काही यंत्रांत ती दहा-दहाच्या टप्प्याने कमी होतात, आणि ठरलेली मुदत संपली की संच बंद होतो. दुसरा ठरल्या वेळी संच सुरू करून ठरल्या वेळी बंद करणारा. त्यात ‘एकदाच’ आणि ‘रोज’ असे दोन पर्याय बहुधा असतात. हा दुसरा टायमर होम थिएटरच्या मोठ्या रिसिव्हरमध्ये हल्ली क्वचित दिसतो, छोट्या मायक्रो किंवा मिनी सिस्टीममध्ये तो अजून मिळतो. तो लावण्याची रीत जवळून पाहिली तर त्यात घराचे किती निर्णय दडले आहेत हे कळते. आधी घड्याळ बरोबर असावे लागते. घड्याळ लावलेले नसेल तर टायमर लागतच नाही. मग सुरू होण्याची वेळ, मग बंद होण्याची, त्यानंतर आवाज कुठून यायचा ते, म्हणजे ट्यूनर, सीडी की पेनड्राइव्ह. ट्यूनर निवडला तर प्रीसेटचा क्रमांक, म्हणजे आधी साठवून ठेवलेल्या केंद्राचा नंबर. आणि शेवटी आवाजाची पातळी. हा शेवटचा आकडा वगळण्याची सवय फार महागात पडते, कारण ज्या संचात टायमरचा आवाज वेगळा ठरवता येत नाही किंवा ठरवलेला नसतो, तो संच आदल्या रात्री जिथे आवाज सोडला होता तिथूनच सुरू होतो, आणि रात्री क्रिकेटचा सामना ज्या आवाजात पाहिला त्याच आवाजात पहाटेची भूपाळी घरावर आदळते. मोठ्या रिसिव्हरांत यासाठी दोन स्वतंत्र सेटिंगे असतात: सुरू होतानाचा आवाज आणि कमाल आवाज. दोन्ही पहिल्याच दिवशी लावून टाकावीत.

एवढे करूनही नौपाड्यातल्या अनेक घरांत सकाळचा टायमर चालत नाही, आणि दोष यंत्राचा नसतो. आपल्याकडे भिंतीवरच्या प्रत्येक सॉकेटला स्वतंत्र बटण असते, आणि झोपण्यापूर्वी गॅसचा कॉक, दाराची कडी आणि टीव्हीचे ‘मेन बटण’ पाहून घेणे ही घरातल्या वडीलधाऱ्यांची शिस्त असते. या शिस्तीला आधार आहे: विजेचा दाब वरखाली होऊन संच जळाल्याची उदाहरणे त्यांनी पाहिलेली असतात, आणि वीज फुकट जाऊ नये ही काळजी अस्सल असते. परंतु भिंतीवरचे बटण बंद झाले की रिसिव्हरच्या आतल्या घड्याळाचाही पुरवठा तुटतो. कपॅसिटरवर, म्हणजे थोडी वीज साठवून ठेवणाऱ्या भागावर, ते काही काळ तग धरते, स्वस्त यंत्रात तेवढेही नाही, आणि सकाळी पडद्यावर बारा वाजलेले लुकलुकताना दिसतात. महाराष्ट्रात भारनियमन सुरू असलेल्या वर्षांत, जेव्हा मुंबई शहर त्यातून सुटले होते पण मुलुंडचा नाका ओलांडल्यावर ठाणे, कल्याण, डोंबिवलीत महावितरणच्या वेळापत्रकाप्रमाणे दिवे जात, तेव्हा हा अनुभव इतका नेहमीचा झाला की लोकांनी घड्याळ लावणेच सोडून दिले. पूर्वीच्या, खटका खाली-वर होणाऱ्या यांत्रिक बटणाच्या अॅम्प्लिफायरला ही अडचण नव्हती. त्याचा खटका चालू ठेवून बाहेर घड्याळवाला प्लग लावला की वीज येताच तो गाऊ लागे. आजचा संच वीज परत आल्यावर बहुधा स्टँडबायमध्ये, म्हणजे अर्धवट झोपेत, थांबतो आणि कोणी जागे करण्याची वाट पाहतो.

या अर्धवट झोपेला किती वीज लागते, यावर वडीलधाऱ्यांच्या शंकेचे उत्तर अवलंबून आहे, आणि ते आता समाधानकारक आहे. युरोपीय संघाच्या २००८ च्या नियमानुसार तिथे विकल्या जाणाऱ्या घरगुती उपकरणांची साधी स्टँडबाय मर्यादा २०१० पासून एक वॅट आणि २०१३ पासून अर्धा वॅट झाली. जपानी कंपन्या एकच रचना अनेक देशांत विकत असल्यामुळे त्याचा फायदा इतरत्रही पोचला. अर्ध्या वॅटने महिनाभरात अर्धे युनिटही खर्च होत नाही. त्याच नियमाच्या दुसऱ्या अंगामुळे नवे संच काही वेळ आवाज आला नाही तर स्वतःहून बंद होतात, ज्याला ऑटो स्टँडबाय म्हणतात. हलक्या आवाजात तानपुरा लावून रियाजाला बसणाऱ्याचा संच मधेच बंद पडू लागला की तो दुकानात तक्रार नेतो, आणि तिथेही पुष्कळदा हे एक सेटिंग आहे हे कोणी सांगत नाही. अर्थात इंटरनेटवरून दूरस्थ सुरू होण्याची सोय चालू ठेवली तर स्टँडबायचा खर्च कितीतरी वाढतो, म्हणून ती सोय लागत नसेल तर बंद ठेवणेच योग्य.

परदेशातून आलेल्या संचाची कथा वेगळी आहे, आणि ठाण्यातल्या ज्या घरांतील मुले अमेरिकेत आहेत तिथे ती ओळखीची आहे. तिथली वीज १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झची, इथली २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची. व्होल्टची सोय मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर करतो, पण हर्ट्झ, म्हणजे विजेच्या प्रवाहाची दर सेकंदाची आवर्तने, तो बदलू शकत नाही. ज्या जुन्या संचांचे घड्याळ ही आवर्तने मोजून चालते त्यांना सेकंदाला साठऐवजी पन्नासच मिळतात, त्यामुळे ते तासाला दहा मिनिटे मागे पडते आणि एका दिवसात चार तास चुकते. अशा घड्याळावर लावलेला सहाचा टायमर पहिल्याच दिवशी नेम सोडतो. ट्यूनरची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. मध्यम लहरींवरची केंद्रे आपल्याकडे नऊ-नऊ किलोहर्ट्झच्या अंतराने बसवलेली आहेत, हा १९७५ च्या जिनिव्हा करारातला आराखडा. अमेरिकेत मात्र हे अंतर दहा किलोहर्ट्झचे. मुंबई ‘ब’, जिला पुढे अस्मिता वाहिनी हे नाव मिळाले, तिची जागा ५५८, म्हणजे नऊ गुणिले बासष्ट. मुंबई ‘अ’ची १०४४, म्हणजे नऊ गुणिले एकशे सोळा. दहाच्या टप्प्याने चालणारा ट्यूनर ५५० वरून थेट ५६० वर जातो आणि अस्मिता वाहिनी त्याला नेमकी कधीच सापडत नाही. १०४४ च्या जागी तो १०४० वर घरघर ऐकवतो. एफएमवरही असेच: अमेरिकी संच ज्या पायऱ्या चढतो त्या ८७.९, ८८.१ अशा विषम दशांशाच्या असतात, त्यामुळे ९८.३ किंवा १०७.१ स्वच्छ लागते पण विविध भारतीचे १०२.८ हुकते. मुलाने एवढ्या प्रेमाने पाठवलेला संच आईला तिचे केंद्र ऐकवत नाही याचे दुःख त्या घराला खरे असते. पुष्कळ संचांत यावर उपाय आहे: मेनूत किंवा संच बंद असताना दोन बटणे एकत्र दाबून ट्यूनरचा टप्पा दहावरून नऊवर नेता येतो. तसे केल्यावर आधी साठवलेली केंद्रे पुसली जातात, म्हणून हे काम प्रीसेट भरण्याच्या आधी करावे.

रात्रीचा प्रश्न हा शेजाऱ्याचा प्रश्न आहे. नौपाड्यातल्या जुन्या इमारतींत दोन बिऱ्हाडांमधली भिंत अनेकदा पातळ असते, खाली लादी आणि वर स्लॅब, मऊ असे काही नाही. बोलणे आणि झांजांचा तीव्र ध्वनी या भिंती बऱ्यापैकी अडवतात, पण तबल्याच्या बायाचा घुमारा आणि सबवूफरचा, म्हणजे केवळ खर्जाच्या स्पीकरचा, धक्का स्लॅबमधून खालच्या घरात उतरतो. वर राहणाऱ्याला वाटते की आवाज कमीच आहे, आणि खालच्याला छत थरथरताना जाणवते. दोघेही खरे बोलत असतात. याचे निम्मे कारण कानाच्या रचनेत आहे. बेल प्रयोगशाळेतील फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिले की आवाज लहान केला की माणसाचा कान खर्ज अधिक वेगाने गमावतो. म्हणूनच जुन्या अॅम्प्लिफायरवर ‘लाउडनेस’ नावाचे बटण असे, जे हलक्या आवाजात खर्ज भरून काढी. आणि म्हणूनच रात्री अकराला हे बटण दाबलेले असेल तर ऐकणाऱ्याला समाधान मिळते पण त्याची किंमत खालचे घर मोजते. नव्या रिसिव्हरमधला ‘नाइट मोड’ उलट दिशेने काम करतो: तो मोठे आवाज दाबतो आणि कुजबुज वर उचलतो, त्यामुळे चित्रपटातला संवाद ऐकण्यासाठी आवाज वाढवावा आणि पुढच्या क्षणी स्फोटाने घर दणाणावे, हे टळते. खर्ज कमी करून नाइट मोड लावावा, आणि हे रोज आठवणीने न करता जिथे शक्य असेल तिथे एका बटणावर साठवून ठेवावे.

कायदाही या बाबतीत घराच्या भिंतीपर्यंत पोचलेला आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. ध्वनिप्रदूषण नियम, २००० यांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा घातली, आणि खासगी ध्वनियंत्रणेचा आवाज त्या जागेच्या सीमेवर या मर्यादेपेक्षा पाच डेसिबलहून अधिक असू नये असेही सांगितले. डेसिबल हे गुणोत्तराचे माप आहे: दहा डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची शक्ती दसपट झाली, आणि कानाला तो साधारण दुप्पट वाटतो. रिसिव्हरच्या पडद्यावर दिसणारे उणे तीस, उणे चाळीस हे आकडे मात्र खोलीतला आवाज मोजत नाहीत, ते केवळ संचाच्या आपल्या ठरलेल्या पातळीपासूनचे अंतर सांगतात. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये दिलेल्या निकालाने उत्सवांतल्या ध्वनिक्षेपकांचा विषय राज्यभर चर्चेत आणला, आणि त्या लढ्याचे मूळ ठाण्यात असावे यात या शहराचा गौरव आहे. रस्त्यावरच्या मंडपाकडून जसा संयम अपेक्षित आहे तसाच तो आपल्या दिवाणखान्याकडूनही अपेक्षित आहे, एवढे मान्य केले तर दहा वाजताचा स्लीप टायमर हा त्या मान्यतेचा सर्वात सोपा पुरावा ठरतो.

आता टायमरवर काय लावावे. हिंदुस्थानी संगीतात दिवसाचे आठ प्रहर आणि प्रत्येकाचे राग ही परंपरा विष्णु नारायण भातखंडे यांनी शास्त्रात बांधून दिली, आणि मराठी श्रोता ती आजही मनापासून पाळतो. सकाळी यमन लावला तर घरातले कोणीतरी हटकतेच. उस्ताद अमीर खाँ यांच्या एका प्रसिद्ध एलपीच्या एका बाजूला मारवा आहे आणि दुसऱ्या बाजूला दरबारी: पहिला सूर्यास्ताचा, दुसरा रात्रीचा, म्हणजे तबकडी उलटायला खरे तर काही तास थांबले पाहिजे. एलपीची एक बाजू वीस-पंचवीस मिनिटांची, त्यामुळे तीस मिनिटांचा स्लीप टायमर तिला पुरतो. मैफलीचे ध्वनिमुद्रण मात्र तासाच्या घरात जाते, आणि तीस मिनिटांचा टायमर विलंबित ख्याल नुकता रंगू लागला असतानाच तो तोडतो. संगीताला असे अर्ध्यावर तोडणे हा त्याचा अपमान आहे. रागाची लांबी पाहून टायमर त्याहून मोठा लावावा. गाणे संपल्यावर संच काही मिनिटे गप्प राहिला तर बिघडत नाही. सकाळसाठी मात्र आवडते ध्वनिमुद्रण कधीही लावू नये. पं. राम मराठे, ज्यांच्या नावाने ठाणे महानगरपालिका दरवर्षी संगीत महोत्सव भरवते, त्यांचे एखादे नाट्यगीत रोज सहा वाजता झोपमोड करू लागले तर महिन्याभरात ते कानाला नकोसे होते, आणि मग गडकरी रंगायतनात बसूनही त्याचा आनंद परत मिळत नाही. उठवण्यासाठी बोलका आवाज किंवा रेडिओचे केंद्र अधिक चांगले: तिथे रोज नवे काही असते, निवेदक वेळ सांगतो, आणि तेच केंद्र त्याच वेळी शेजारीही ऐकत असण्याची शक्यता असते, ही जुन्या काळाची थोडी शिल्लक अजून उरलेली आहे.

शेवटचा मुद्दा वृद्धांचा, आणि तो सर्वात निकडीचा आहे. रिसिव्हरचा मेनू इंग्रजीत, अक्षरे बारीक, रिमोटवर चाळीस-पन्नास बटणे. सेटिंग लावणारा मुलगा किंवा नात नोकरीनिमित्त घोडबंदर रोडला, पुण्याला किंवा सातासमुद्रापार गेलेली. एक दिवस वीज जाते, घड्याळ पुसले जाते, किंवा कोणाच्या हातून चुकून मूळ सेटिंगवर नेणारी बटणे दाबली जातात, आणि ज्या आजींचा दिवस सहाच्या अभंगाने सुरू होत असे त्यांचा संच मुका होतो. त्या कोणाला सांगत नाहीत, कारण एवढ्याशा गोष्टीसाठी कोणाला कशाला त्रास द्यायचा, असा त्यांचा विचार असतो. ज्यांच्या घरी असा संच आहे त्यांनी एक काम या आठवड्यातच करावे. घड्याळ कसे लावायचे, सकाळचा टायमर किती वाजताचा, आवाजाचा आकडा कोणता, आईचे केंद्र कोणत्या क्रमांकावर, बाबांचे कोणत्या, नाइट मोडचे बटण कुठले, हे सर्व मोठ्या अक्षरांत मराठीत कागदावर लिहून संचाच्या मागे नव्हे तर समोर दिसेल असे चिकटवावे. रिमोटवरच्या लागणाऱ्या चार-पाच बटणांवर रंगीत टिकल्या लावाव्यात. आणि भिंतीवरच्या त्या एका बटणावर ‘हे बंद करू नये’ अशी चिठ्ठी घरातल्या सर्वांशी बोलून, कारण समजावून सांगून, मगच लावावी.